खोडलेलं शहाण्णव

इंदापूरकडच्या कळस गावापासून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की पांढरवाडी लागते. तिथल्या शाळेत सावळाराम रुपनवर गुरुजी सातवीला गणित शिकवायचे. घरची मेंढरं त्यांच्या वडिलांच्या काळातच विकली गेली होती. पाट आला, ऊस आला, आणि रुपनवरांच्या घरातलं पहिलं पोर डी.एड. होऊन मास्तर झालं. अंगानं किरकोळ माणूस, आवाज मात्र मैदानाच्या पलीकडं जाणारा. शर्टाच्या खिशात कायम खडूचे तुकडे. सिंधुबाई, त्यांची बायको, शर्ट धुवायला घेताना आधी खिसा झटकायची आणि म्हणायची, "शाळा घरी आणू नका वं."

त्या काळी सातवीला केंद्र परीक्षा असायची. आजूबाजूच्या शाळांची पोरं एका मोठ्या गावी जमायची, पेपर सगळ्यांना एकच. निकाल लागला की कुठल्या शाळेनं काय दिवे लावले ते चहाच्या टपरीपर्यंत जायचं. त्र्याण्णव साली पांढरवाडीची निम्मी पोरं गणितात गेली. शिक्षकांच्या बैठकीत विस्तार अधिकारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "रुपनवर, तुमच्याकडं गणित शिकवतात का भजन?" सगळे हसले. गुरुजीही हसले. पण घरी येताना सायकल हातात धरून चालतच आले.

पुढच्या वर्षी त्यांनी दिवाळीपासूनच शाळा भरायच्या आधी सातवीचा जादा तास सुरू केला. कुणी वैरण टाकून यायचं, कुणी पाणी भरून. गुरुजींनी शाळेच्या पुढच्या अंगणात फक्कीनं एक मोठा आयत आखला. ही बाग. तिच्या बाहेरून सगळीकडं सारख्या रुंदीचा रस्ता. पोरांना त्या रस्त्यावरून ते प्रत्यक्ष चालायला लावायचे. "आता सांगा, रस्ता आणि बाग मिळून लांबी किती वाढली? एका बाजूला वाढली का दोन्ही?" पोरं चालून बघायची आणि ओरडायची, "दोन्ही." दरवर्षी ज्या गणितात निम्मा वर्ग पडायचा, ते गणित त्या अंगणात पोरांच्या पायांना पाठ झालं.

वर्गात मानसिंग नावाचा एक मुलगा होता. त्याचा बाप कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. मानसिंग तोंडी हिशोबात कुणाला ऐकायचा नाही, पण शाब्दिक उदाहरण कागदावर दिसलं की त्याच्या हातातली पेन्सिल थांबायची. गुरुजींचा सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावर जायचा.

आणि मेघना होती. तिचे वडील बुद्धघोष भवानीनगरच्या कारखान्यात फिटर होते, रोज लुना मोपेडवरून जायचे यायचे. मेघनाला सांगावं लागायचं नाही. ती आधी आकृती काढायची, आकृतीवर मापं लिहायची, मग उदाहरणाला हात घालायची. पुस्तकामागच्या उत्तराशी तिचं उत्तर जुळलं नाही तर ती पुन्हा एकदा सोडवायची, आणि तरीही जुळलं नाही तर सरळ येऊन म्हणायची, "गुरुजी, पुस्तकाचं चुकलंय." एकदा ते खरंच चुकलं होतं. गुरुजींनी त्या दिवशी तिला पुस्तकातलं उत्तर स्वतःच्या हातानं दुरुस्त करायला सांगितलं. केंद्रात पहिली येईल तर हीच, असं ते सिंधुबाईला पुन्हा पुन्हा सांगायचे.

एप्रिल उजाडला. गणिताच्या पेपराला पांढरवाडीच्या पोरांच्या खोलीवर दुसऱ्या शाळेचे गुरुजी पर्यवेक्षक होते. ते आलेच नाहीत. त्यांच्या घरी कुणी आजारी पडल्याचा निरोप आला. केंद्रसंचालकांनी इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "रुपनवर, तुम्हीच बसा आता. कुणाला आणू मी ऐन वेळेला?" आपल्याच पोरांवर आपण पर्यवेक्षक असायचं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. केंद्रसंचालकांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढं केला आणि गुरुजींनी तो घेतला.

पहिला तास शांत गेला. मग शेजारच्या खोलीतून आवाज यायला लागला. तिथले गुरुजी फळ्याजवळ उभे राहून उत्तरं सांगत होते, आणि लपवतही नव्हते. पांढरवाडीची पोरं माना वर करून ऐकायचा प्रयत्न करायला लागली. रुपनवर गुरुजींनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. परत येताना त्यांची नजर मानसिंगवर गेली. त्याच्यापुढं बागेचं उदाहरण होतं. त्यानं नुसता आयत काढला होता, आणि त्या आयतावर डोळ्यांतलं पाणी पडत होतं. दिवाळीपासून त्या आयतावरून चाललेलं पोर.

गुरुजी त्याच्याजवळ वाकले. प्रश्नपत्रिका त्यांच्या बाजूनं उलटी होती. बागेची लांबी तीस मीटर, रुंदी वीस, रस्ता एक मीटर रुंद. त्यांना पुढचं वाचायची गरजच वाटली नाही. हे उदाहरण त्यांनी इतक्या वेळा करून घेतलं होतं की उत्तर आपोआप जिभेवर आलं. बत्तीस गुणिले बावीस, त्यातून सहाशे वजा. "एकशे चार," ते हळूच म्हणाले.

मागच्या पोरानं ऐकलं. त्याच्या मागच्यानं "काय, काय?" केलं. मग गुरुजींना वाटलं, एकाला सांगितलं तर सगळ्यांनाच का नको. ते सरळ उभे राहिले आणि खोलीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाले, "रस्त्याचं क्षेत्रफळ एकशे चार चौरस मीटर."

खिडकीजवळ मेघना पुढच्या उदाहरणावर गेलेली होती. ती थांबली. तिनं पान मागं उलटलं, आपल्या उत्तराकडं बघितलं, मग गुरुजींकडं. बराच वेळ बघत राहिली. गुरुजींनी मान हलवली, व्हय म्हणून. तेव्हा तिनं खोडरबर घेतलं आणि उत्तर खोडलं.

त्या क्षणी गुरुजींना बरं वाटलं होतं. हुशार पोरीची एक चूक वेळेवर सुधारली, असं वाटलं. पुढं आयुष्यभर त्यांना जर कशाची सगळ्यात जास्त लाज वाटली असेल, तर त्या बरं वाटण्याची.

पेपर संपला. पोरांना एसटीत बसवून द्यायला ते स्टँडवर थांबले होते. एका मुलाच्या हातातली प्रश्नपत्रिका त्यांनी सहज घेतली आणि वाचली. बागेच्या आतून कडेनं रस्ता आहे, असं छापलं होतं. आतून. मग लांबी रुंदी वाढत नाही, कमी होते. अठ्ठावीस गुणिले अठरा, पाचशे चार. सहाशेतून गेले की शहाण्णव.

"मेघना," त्यांनी हाक मारली, "तुझं आधी किती आलं हुतं?"

"शहाण्णव, गुरुजी."

तिला अजून माहीत नव्हतं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती. गुरुजी म्हणाले, "बरं. गाडी आली बघ, बस." आणि एसटी सुटली.

पेपर तपासणाऱ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. एका शाळेच्या सगळ्या पोरांचं उत्तर एकशे चार, आणि बहुतेकांच्या पेपरात रीतच नाही. पण जिच्या पेपरात रीत होती, तिची रीत बरोबर, आकृती बरोबर, आणि शेवटी शहाण्णव खोडून एकशे चार लिहिलेलं. विस्तार अधिकारी साहेब स्वतः पांढरवाडीला आले. सुट्टी लागायची होती अजून. सातवीची पोरं व्हरांड्यात उभी केली. गुरुजी साहेबांच्या शेजारी उभे होते.

साहेबांनी मेघनाला पुढं बोलावलं. आवाज काही चढवला नाही. "बाळ, तुझी रीत शहाण्णवची आहे. मग एकशे चार कुठून आलं?"

मेघनानं वेणीची रिबीन ओढून घट्ट केली.

"कुणाचं बघितलंस?"

"न्हाय बघितलं."

"मग कुणी सांगितलं?"

ती एकदाही गुरुजींकडं वळली नाही. गुरुजींच्या हे नंतर ध्यानात आलं. वळली असती तर साहेबांना कळलं असतं. ती खाली बघून म्हणाली, "मला वाटलं म्हणून लिहिलं."

"हुशार मुलींनी तरी असं करू नये," साहेब म्हणाले. "बाकीच्यांचं मी समजू शकतो. तू बघून लिहितेस, आणि वर खोटं बोलतेस."

गुरुजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग ते म्हणाले, "साहेब, चहा घ्यायचा ना?"

त्या उदाहरणाचे गुण सगळ्यांचे कापले. निकाल लागला तेव्हा पांढरवाडीची जवळजवळ सगळी पोरं पास होती, मानसिंगसुद्धा. दिवाळीपासूनच्या जादा तासांनी आपलं काम केलं होतं. त्या चोरट्या उत्तराची गरजच नव्हती. मेघनाचा केंद्रातला पहिला नंबर मात्र गेला. खाडाखोड तिच्याच पेपरात सापडली, म्हणून तिच्या नावापुढं शेरा होता, बघून लिहिल्याचा.

निकालानंतर बुद्धघोष शाळेत आला. कारखान्याचे निळे कपडे अंगावर, हात ग्रीसचे. दारातच थांबून म्हणाला, "गुरुजी, एक इचारायचं हुतं. पोरगी माझी बघून लिहिती का?"

"तशी न्हाय ती," गुरुजी म्हणाले.

"मग शेरा का?"

"झालं आसंल कायतरी. परीक्षेत हुतं कधी कधी."

बुद्धघोष मान हलवून गेला.

मे महिना सगळा असाच गेला. गुरुजी जेवायला बसायचे आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवायचे. घराच्या पुढं बसून काडीनं मातीत आयत काढायचे आणि पायानं पुसायचे. एका सकाळी सिंधुबाईनं ताट त्यांच्यापुढून उचललंच नाही. तीही समोर बसली.

"काय झालंय ते सांगा. दुखणं आसंल तर इंदापूरला जाऊ."

त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही.

"पोरीनं तुमचं नाव घेतलं न्हाय?"

"न्हाय."

"आन् तुमी चहा इचारला सायबाला."

"व्हय."

सिंधुबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "मग जावा की सांगा तिच्या घरी. मला काय सांगताय."

"नोकरी जाईल, सिंधू."

"जाईल का न्हाय ते मला ठावं न्हाय. पर तुमी असं बसून ऱ्हायला तर घरातला माणूस तर गेलाच हाय."

रविवारी ते बुद्धघोषच्या घरी गेले. मेघना दारात तांदूळ निवडत होती. बुद्धघोषनं खुर्ची दिली. गुरुजी बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "एकशे चार मी सांगितलं हुतं. मी वाचलं न्हाय नीट. तिचं शहाण्णव बरूबर हुतं, ते माझ्यामुळं खोडलं तिनं."

बुद्धघोषला ते समजायला थोडा वेळ गेला. "सायेब आला तवा तुमी शाळेत हुता न्हवं?"

"हुतो."

"तो तिला बोलला तवा?"

"शेजारीच हुतो."

बुद्धघोष उठून बाहेर गेला. नळावर त्यानं तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. आत आला तेव्हा मिशीवरून पाणी गळत होतं.

"तुमी चुकीचं सांगितलं, त्याचं मला काय न्हाय, गुरुजी. माणूस चुकतो. मी तुमच्या दारात इचारायला आलो हुतो. तुमी म्हणला, झालं आसंल कायतरी. मी घरी आलो आन् पोरीशी बोललो न्हाय. लई दिवस बोललो न्हाय. मी म्हणायचो, आपुन शिकायच्या नावानं एवढं केलं आन् ही बघून लिहिती. ती समोर भाकरी वाढायची, मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हतो. ते दिवस आता कसं भरून द्यायचं मी तिला?"

गुरुजी मेघनाकडं वळले. "पोरी, तू का सांगितलं न्हाईस?"

ती तांदळातच बघत होती. "तुमची नोकरी गेली आसती. घरी कुणीतरी म्हणत हुतं, मास्तर उत्तर सांगताना सापडला तर काढून टाकत्यात."

"तुला राग न्हाय आला?"

"आला की." तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "गुरुजी, मला घरी आल्यावर कळलं की माझं बरूबर हुतं. मी परत आकृती काढली. पर आता काय झालंय, उत्तर आलं तरी वाटतंय, कुणीतरी दुसरंच सांगंल. मग मी लिहितच न्हाय पटकन."

तिच्या आईनं चहा आणला. गुरुजींनी तो घेतला, कारण नाही म्हणायचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडं गेले. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लेखी देता का?"

"देतो."

"लेखी दिलंत तर तुमची चौकशी लागेल. ते तुम्ही सोसाल. पण पर्यवेक्षकानं उत्तर सांगितलं म्हटल्यावर त्या खोलीचा गणिताचा पेपर रद्द होईल. सगळ्या पोरांना पुन्हा बसावं लागेल. त्यांचे आठवीचे दाखले निघालेत. आहे तयारी?"

गुरुजींना मानसिंग दिसला. परवाच तो नवी दप्तराची पिशवी घेऊन दाखवायला आला होता.

"तिच्या नावापुढचा शेरा तेवढा काढा, साहेब."

"कशाच्या आधारावर काढू?" साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. "जा घरी. मी काही ऐकलं नाही."

गुरुजी परत आले. आपण पोरांसाठी मागं फिरलो की स्वतःसाठी, हे त्यांना तेव्हाही नक्की सांगता आलं नाही आणि नंतरही नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन झालं. गावातली माणसं, सरपंच, आठवीला गेलेली काही पोरं, सगळे जमले होते. भाषणं संपल्यावर गुरुजी पुढं आले. त्यांचा तो मैदानापलीकडं जाणारा आवाज त्या दिवशी पहिल्या रांगेलाही नीट ऐकू जात नव्हता. त्यांनी सांगितलं की परीक्षेत चुकीचं उत्तर त्यांनी सांगितलं. मेघनानं कुणाचं बघितलं नव्हतं. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि साहेब तिला बोलत होते तेव्हा ते शेजारी उभे राहून गप्प बसले होते.

माणसं ऐकत होती. कुणी खोकलं. मग सरपंच म्हणाले, "बरं, बरं. पोरं तर पास झाली न्हवं?" आणि लिमलेटच्या गोळ्यांची पिशवी पुढं केली. मानसिंगच्या बापानं तर नंतर गुरुजींचा हात धरला. म्हणाला, "गुरुजी, माझ्या पोरासाठी तुमी एवढं केलं. आजकाल कोण करतंय?"

गुरुजींना वाटलं होतं, लोक तोंडावर बोलतील. त्याची तयारी करून आले होते. हे असं आभार मानणं त्यांना सोसलं नाही. शाळेमागं जाऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले.

मेघना त्या सकाळी तिच्या नव्या शाळेच्या झेंडावंदनाला गेली होती. बुद्धघोष मात्र आला होता, अगदी मागं उभा होता. गुरुजींचं बोलणं संपल्यावर त्यानं लुना सुरू केली आणि निघून गेला. त्यानंतर दोघं रस्त्यात भेटले की तो लुना थांबवायचा नाही, पण हँडलवरचा एक हात वर करायचा. धाकट्या मुलाला मात्र त्यानं पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत घातलं.

गुरुजींनी जादा तास बंद केले नाहीत. पण शिकवायची तऱ्हा बदलली. आता अंगणात दोन आयत असायचे, एकाला बाहेरून रस्ता, एकाला आतून. आणि उत्तर सांगणं त्यांनी सोडून दिलं. पोरगं पाटी घेऊन यायचं, "गुरुजी, बरूबर हाय का?" गुरुजी म्हणायचे, "पडताळा बघ." पोरगं रुसायचं, पुन्हा यायचं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर ते दोघांना समोरासमोर बसवायचे आणि एकमेकांना पटवा म्हणायचे. कधीकधी अख्खा तास एका उदाहरणात जायचा. अभ्यासक्रम मागं पडायचा. त्या वर्षी निकाल थोडा खाली आला, पुढच्या वर्षी सावरला. पर्यवेक्षणाची ऑर्डर आली की ते दुसरं कुठलंही काम मागून घ्यायचे, पाणी वाटायचंसुद्धा.

मेघना दहावी पास झाली, चांगल्या गुणांनी. गणितात मात्र बाकीच्या विषयांपेक्षा कमी होते. नंतर ती बारामतीला नर्सिंगला गेली. गावात सगळे म्हणाले, चांगलं झालं, लवकर नोकरी लागेल. तिला तेच हवं होतं का, की गणित कमी पडलं म्हणून तिकडं वळली, हे गुरुजींनी कधी विचारलं नाही. ती सुट्टीला आली की त्यांना भेटायची, वॉर्डातल्या गोष्टी सांगायची, हसायची. एकदा तिनं औषधाचं प्रमाण कसं काढतात ते सांगितलं. इतक्या वजनाला इतकं. "ते मी तीनदा काढते, गुरुजी," ती म्हणाली. "सिस्टर हसत्यात मला." गुरुजी हसले नाहीत. तीनदा काढणं चांगलंच, असं म्हणाले, आणि ती गेल्यावर बराच वेळ दारात उभे राहिले.

दरवर्षी जूनमध्ये नवीन सातवी आली की पहिल्या दिवशी ते ही हकीकत सांगायचे. स्वतःचं नाव घेऊन सांगायचे, काही लपवायचे नाहीत, चहाचंसुद्धा. मेघनाचं नाव मात्र घ्यायचे नाहीत. एक मुलगी, एवढंच. सिंधुबाईला ते पटायचं नाही. "पोरं तुमाला काय म्हणतील?" ती विचारायची. पोरं काही म्हणायची नाहीत. ती गोष्टीसारखं ऐकायची.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये पहिल्या बाकावरची एक मुलगी, छकुली, हात वर करून उभी राहिली.

"मग त्या ताईचं मार्क परत दिलं का, गुरुजी?"

"न्हाय."

"का?"

गुरुजींनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. लेखी, पेपर रद्द, दाखले, असं काहीतरी ते सांगायला लागले. छकुली उभीच होती, पटल्यासारखी दिसत नव्हती. गुरुजी मध्येच थांबले.

"मी द्यायला लावलं न्हाईत म्हणून," ते म्हणाले.

छकुली खाली बसली. गुरुजींनी फळा पुसला आणि पहिलं उदाहरण लिहायला घेतलं.